मागच्या खोलीतली सफरचंदाची टाकी

पहिल्या दोन बाटल्या फुटल्या तेव्हा मी घरात नव्हतो. बायको ओट्याशी भाकरी थापत होती आणि बाटल्या तिच्या डोक्यावरच्या माळ्यावर होत्या. आधी एक फुटली, ती काय झालं म्हणून वर बघतेय तोवर दुसरी. परातीतल्या पिठात काचा पडल्या. मी आलो तेव्हा तिनं सगळं झाडून काढलं होतं आणि हात बांधून खुर्चीत बसली होती.

"या बाटल्या तरी राहतील नाहीतर मी तरी राहीन," ती म्हणाली. "ठरवा."

बाटल्यांमध्ये सफरचंदाचं सायडर होतं. मी चिकलठाण्याला एका बियरच्या कारखान्यात मेंटेनन्सला फिटर होतो, तीस वर्षं. पाइप, व्हॉल्व्ह, वायसर, गळती, हेच आयुष्य. तिथं एकदा मशीन बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरनं जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं की त्यांच्या गावात घरोघरी सफरचंदाचा रस आंबवतात, मोसंबीच्या रसासारखा सहज पितात. ते डोक्यात राहून गेलं. निवृत्त झालो, हात रिकामे झाले, आणि जाधववाडीच्या मंडईतून डागी सफरचंदाची पेटी आणून मी सुरुवात केली. हे कायद्यात बसतं की नाही ते मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते मला नको होतं. त्यामुळं पहिल्या दिवसापासून मी गल्लीतल्या प्रत्येकाकडं जरा तिरक्या नजरेनं बघायला लागलो होतो. पुंडलिकनगरमधली आमची घरं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की इकडं फोडणी दिली की तिकडं ठसका लागतो. शेजारचे निवृत्त कारकून गच्चीवर कपडे वाळत घालताना नाक वर करून हुंगायचे. निदान मला तसं वाटायचं.

बाटल्यांत भरणं बंद केलं. पण आंबवलेल्या रसात गॅस भरला नाही तर मजा नाही, आणि गॅस धरून ठेवायचा तर भांडं दणकट पाहिजे. पडेगावच्या रस्त्याला एका भंगारवाल्याकडं मला सोडा फाउंटनच्या सिरपची जुनी स्टीलची टाकी सापडली. एकोणीस लिटरची, वर दोन तोंडं. एकातून गॅस आत जातो, दुसऱ्यातून माल बाहेर येतो.

"क्या करते इसका?" भंगारवाल्यानं विचारलं.

"पाणी भरतो."

"पानी?" तो हसला. "इस्टील है साब, जंग नै लगता इसकू. पानी भरो नै तो और कुच भरो, मेरेकू क्या करना है."

त्या हसण्यावरून मी घरी येईपर्यंत विचार करत होतो, याला कळलं काय.

गॅसचा छोटा सिलिंडर सोडावाल्यांना माल पुरवणाऱ्याकडून आणला. त्यालाही सांगितलं, सोडा करतो. बंद पडलेल्या एका हॉटेलातला दांडीचा नळ मिळाला. आमचा जुना एकदारी फ्रिज मागच्या खोलीत पडून होता, त्याचे कप्पे काढून टाकी आत उभी केली, दाराला ड्रिलनं भोक पाडून नळ बाहेर काढला आणि टाकीपासून नळापर्यंत आतून नळी जोडली. सिलिंडर फ्रिजच्या मागं, त्याची नळी बाजूनं आत. गॅसच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बघितलं. एक बुडबुडा नाही. पहिला ग्लास भरला तेव्हा वर बोटभर पांढरा फेस आला आणि बायकोनं पण एक घोट घेतला. "आंबटच आहे," म्हणाली, पण ग्लास खाली ठेवला नाही.

चैत्रात दादा आला. माझा मोठा भाऊ, आठ वर्षांनी मोठा. फुलंब्रीजवळ आमच्या वडिलोपार्जित शेतात राहतो. त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. मीच फोन करून म्हणालो, इथं ये, ऑपरेशन करून घेऊ, पंधरा दिवस राहा. वहिनी गुरांमुळं येऊ शकत नव्हती. खरं तर इतक्या वर्षांत मी त्याला असं आग्रहानं कधी बोलावलं नव्हतं. कुठल्या दवाखान्यात ते त्यानं फोनवर दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "बरं. येतो."

दवाखान्यात सही करायचा कागद पुढं आला तेव्हा त्यानं सही केली नाही. मला म्हणाला, "वाच." मी वाचला. मग नर्सला म्हणाला, "बाई, तुम्ही वाचा." तिनं वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी कुरकुरत सही केली. मला वाटलं, ऑपरेशनला घाबरला.

ऑपरेशन चांगलं झालं. काळा चष्मा लावून दादा घरी आला आणि मी त्याची खाट मागच्या खोलीत टाकली, कारण ती खोली थंड आणि अंधारी. फ्रिजच्या शेजारीच.

आता दादाबद्दल सांगतो. आमच्या वडिलांना निजामाच्या काळात शिंदीची चटक लागली होती, ती पोलीस ॲक्शननंतर राज्य बदललं तरी सुटली नाही आणि मी दहा वर्षांचा असताना त्यातच ते गेले. तेराव्यानंतर दादानं गळ्यात माळ घातली. तेव्हापासून मांसमच्छी नाही, दारू नाही, चहासुद्धा अर्धा कप. फ्रिजात काय आहे हे मी त्याला सांगितलं नाही. बायकोला म्हणालो, विचारलं तर औषध म्हण.

तो येऊन चार दिवस झाले असतील. मी टाकी तपासायला बाहेर काढली. यात एक साधी गोष्ट असते. थंड टाकी उन्हाळ्याच्या हवेत आणली की तिला दव धरतं, आणि आत माल जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच धरतं. आपोआप रेघ उमटते. आठवड्यापूर्वी माल अर्ध्याच्या खाली आला होता तेव्हा मी त्या रेघेवर चिकटपट्टी लावली होती. आता दवाची रेघ पट्टीच्या चार बोटं खाली होती.

चार बोटं म्हणजे तीन लिटर तरी. मी स्वतः त्या आठवड्यात दोन ग्लास घेतले होते.

खोलीत दादा खाटेवर बसला होता, चष्मा लावून, एक हात फ्रिजच्या अंगाला टेकवून. "गार लागतंय," तो म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. खोलीत सायडरचा वास होता. आंबट, गोडसर, ओळखीचा. आधी हा वास इतका नव्हता.

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते मी आज सांगायला लाजतो, पण तेव्हा लाज वाटली नव्हती. उलट कुठंतरी बरं वाटलं. आयुष्यभर ज्याच्या माळेपुढं मी खाली मान घातली, कारखान्यातून गावाकडं गेलो की ज्याच्यापुढं तोंड धुऊन जायचो, तो शेवटी आमच्या बापाचाच लेक निघाला. असं.

मग जे दिसेल ते त्याच दिशेला दिसायला लागलं. दादा तोंडात लवंग धरायचा. मी ठरवलं, वास लपवतोय. दुपारी दोन दोन तास झोपायचा. ठरवलं, चढते. खाटेखाली स्टीलचा गडवा ठेवायचा. मी तो हुंगला, त्याला पाण्याचा वास होता, तरी मी म्हटलं, विसळून ठेवतो.

बायकोला सांगितलं. ती कढीपत्ता खुडत होती. "तुमचं डोकं फिरलंय," एवढंच म्हणाली.

"मग जातंय कुठं?"

"मला काय विचारता? फिटर तुम्ही."

मी शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला आणि नळाच्या दांडीला असा गुंडाळला की दांडी ओढली तर तो तुटलाच पाहिजे. तीन दिवसांनी पाहिलं. दोरा शाबूत होता आणि दवाची रेघ आणखी खाली उतरली होती. शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, म्हातारा हुशार आहे, दार उघडून टाकीतून थेट काढतो. फ्रिजच्या दारालाही दोरा लावला. तोही तुटला नाही. मग म्हटलं, तुटलेला काढून नवा बांधत असेल. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेला, सुईत दोरा ओवता न येणारा माणूस!

त्याच दिवसांत दादानं मला दोनदा सांगितलं होतं. एकदा सकाळी चहा घेताना म्हणाला, "तुह्या त्या कपाटातून फुसफुस येतं रं. बारीक. जनावर तर नाय ना शिरलं?"

"फ्रिज आहे, आवाज करणारच."

"फ्रिजचा येगळा. हा येगळा."

दुसऱ्यांदा म्हणाला की खोलीत मुंग्या लई झाल्यात, फ्रिजच्या मागून येतात. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, आता मुंग्यांवर ढकलतोय.

दहाव्या दिवशी शेजारचे कारकून दादाला बघायला आले. ते येऊन बसले, डोळ्याची चौकशी केली आणि मग हळूच मला म्हणाले, "काही सरबत वगैरे करता म्हणे तुम्ही? वास तर छान येतो." महिनाभर मी ज्यांना खबऱ्या समजत होतो त्यांना फक्त एक ग्लास हवा होता. मी हसलो, मागच्या खोलीत गेलो, दोरा सोडला आणि दांडी ओढली. नळातून नुसता फेस आला. फसफस, थुंकी टाकल्यासारखा. मग फक्त गॅस. टाकी पार संपली होती.

दादा खाटेवर होता. कारकून माझ्या मागं दारात उभे, बायको त्यांच्या मागं चहाचा ट्रे घेऊन. मी ग्लास फ्रिजवर आपटला आणि म्हणालो, "दादा, पिताना माळ काढून ठेवत होतास का, का गळ्यात ठेवूनच?"

दादानं चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लाल होता. त्यानं फ्रिजकडं बघितलं, नळाकडं बघितलं, आणि मला वाटतं तेव्हाच पहिल्यांदा त्याला कळलं की त्या कपाटात काय आहे.

"दारूच्या शेजारी निजवलंस मला?" तो म्हणाला.

एवढंच. मग बायकोला म्हणाला, "बाई, माही पिशवी द्या."

कारकून कधी गेले मला आठवत नाही. बायकोनं त्याला थांबा म्हटलं नाही. तिनं स्वतःची पण पिशवी भरली. डोळ्यात घालायच्या औषधाच्या तीन बाटल्या होत्या, कुठली केव्हा घालायची ते वहिनीला वाचता येत नव्हतं. "मी आठ दिवस तिथं राहून त्यांना शिकवून येते," ती म्हणाली. "डब्यात पोळ्या आहेत." दोघं रिक्षानं स्टँडवर गेले. मी दारातच उभा राहिलो. मला तेव्हाही वाटत होतं की बरोबर मीच आहे. चोर रागावतोच.

आंबवायच्या डब्यात सायडरचा दुसरा घाणा तयारच होता. दोन दिवसांनी मी तो टाकीत भरला, चिकटपट्टी लावली, आणि घराला आतून कडी घालून बसलो. घरात मी एकटा. चौथ्या दिवशी टाकी बाहेर काढली. दव पट्टीच्या दोन बोटं खाली.

पहिला विचार कारकुनांचा आला, हे पण सांगून टाकतो. मागचं दार त्यांच्या बोळात उघडतं. मी तिथं कुलूप लावलं. मग बायकोचा आला. ती असताना तिनंच ओतून दिलं असेल, बाटल्यांचा राग होताच. पण आता ती फुलंब्रीला होती आणि रेघ खाली चालली होती. तिसऱ्यांदा टाकी काढली आणि रेघ आणखी उतरलेली बघितली तेव्हा संशय घ्यायला घरात माणूसच उरला नाही.

भर दुपारची वेळ होती. पंखा बंद केला आणि दादाच्या खाटेवर, दादा बसायचा तिथं बसलो. कॉम्प्रेसर थांबला. आणि मग ऐकू आलं. बारीक, एकसारखं, कुणी दातांतून श्वास सोडावा तसं. मी उठून फ्रिजचं दार उघडलं. आवाज बंद. लावलं. सुरू.

मोबाइलचा दिवा लावून, व्हिडिओ सुरू करून मी तो आत टाकीच्या बाजूला उभा केला आणि दार लावलं. दोन मिनिटांनी काढून बघितला. दार बंद होताना दारातल्या नळाची आखूड नळी दुमडून मागं रेटली जात होती आणि टाकीच्या तोंडावरचा जोड केसभर तिरपा होत होता. त्यातून केसाएवढी फवारणी मागच्या भिंतीवर उडत होती. भिंतीवरून ओघळ खालच्या पन्हाळीत, पन्हाळीतून बर्फाचं पाणी जायच्या भोकात. दार उघडलं की रेटा नाही, जोड सरळ, फवारणी बंद; भिंतीवरचा ओलावा फ्रिजचाच वाटायचा. मी रोज दार उघडून तपासत होतो.

फ्रिज भिंतीपासून ओढला. मागं, कॉम्प्रेसरच्या वर पाणी साठायची थाळी असते. कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं त्यातलं पाणी उडून जातं. थाळीत तपकिरी, पाकासारखा चिकट थर होता. त्यावर मुंग्यांची रांग आणि बारीक माशा. वास तिथूनच येत होता. माझं दहा-एक लिटर सायडर दादाच्या उशाशी हवेत उडून गेलं होतं आणि तो बिचारा नाकात तो वास घेऊन लवंग चघळत पडला होता.

साबणाचं पाणी मी फक्त गॅसच्या जोडांना लावलं होतं. मालाच्या जोडाला नाही. कारखान्यात एखाद्या नव्या फिटरनं असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर पाना धरू दिला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं फुलंब्रीला गेलो. दादा बांधावरच्या लिंबाखाली बाजेवर होता, काळा चष्मा लावून. बायको विहिरीकडून येत होती. मला बघून थांबली, पण जवळ आली नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं. नळी, जोड, फवारणी, थाळी. मोबाइलवर दाखवायला लागलो तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मी सांगितलं व्हतं तुला, फुसफुस येतं म्हणून."

"व्हय."

"दोनदा."

"व्हय, दादा. चुकलो मी."

वहिनीनं पाणी आणून दिलं आणि ती तिथंच खाली बसली. मग दादा म्हणाला, "आता माहं ऐक. मला वाटलं तू जमिनीसाठी बोलावलं."

"कोणत्या जमिनीसाठी?"

"ही. रोडच्या कडंची. लई लोकं येऊन इचारतात आता. बारा वर्षांत तू मला कधी ऱ्हायला ये म्हणला नाय. एकदम आपरेशन करू म्हणला, तवा मी हिला म्हणलं, डोळा बंद करून सही घ्यायचा बेत दिसतो. म्हणून दवाखान्यात तो कागद तीनदा वाचून घेतला. आन तुह्याकडं निघताना सातबारा हिच्या माहेरी ठिवून आलो."

वहिनी पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघायला लागली. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. म्हणजे तो माझ्या घरी दहा दिवस, माझ्या बायकोच्या हातचं खात, मला जमीनचोर समजत झोपला होता. मी रागावणार होतो. तोंड उघडलंही. मग लक्षात आलं की मला रागवायला जागाच नाही.

"मग आलास कशाला?" मी विचारलं.

"डोळ्यानं दिसत नव्हतं म्हणून," तो म्हणाला. "दुसरं कोण व्हतं?"

बायको तेव्हा जवळ आली. परत येताना बसमध्ये तिनं मला विचारलं, "मला पण धरलं होतं का संशयात?"

"एक दिवस."

"एकच?"

"दीड."

ती सावंगीपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसली. मग म्हणाली, "कारकून काकूंना मीच सांगितलं होतं सरबत करतात म्हणून. वासाचं काहीतरी सांगायला तर पाहिजे होतं."

घरी आल्यावर मी नळी हातभर लांब टाकली, जोडाची रबरी कडी बदलली आणि ह्या वेळी सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून, दार लावून, मोबाइल आत ठेवून तपासलं. अजून चालू आहे ती टाकी. हिवाळ्यात सफरचंदं स्वस्त होतात तेव्हा भरतो. कारकून शनिवारी येतात, अर्धा ग्लास घेतात आणि मिश्या पुसून जातात.

डोळा दाखवायला दादा महिन्यानं शहरात आला. स्टँडवरून थेट दवाखान्यात गेला, मी तिथंच भेटलो. फळ्यावरची शेवटून दुसरी ओळ त्यानं न अडखळता वाचली. जेवायला चल म्हटलं तर म्हणाला, "आज नगं." मी आग्रह केला नाही. पावसाळा सरता सरता आला एकदा, पुढच्या खोलीत बसला, जेवला, आणि मागच्या खोलीचं दार उघडं होतं तिकडं एकदाही बघितलं नाही.

त्याच वर्षी तोच म्हणाला की दोघांच्या नावचा हिस्सा कागदावर नीट वेगळा करून टाकू, म्हणजे तुला घोर नाही आणि मलाही नाही. तलाठ्याकडं आम्ही शेजारी शेजारी बसलो. कागद पुढं आला. दादानं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तो एक ओळ मोठ्यानं वाचायचा, मग थांबायचा, आणि मी तीच ओळ पुन्हा वाचायचो. तलाठी कंटाळून बाहेर चहाला गेला. आम्ही गट नंबरापर्यंत आलो होतो, अजून चतुःसीमा राहिल्या होत्या.